घरचं सीएनसी प्लाझ्मा टेबल: मोटारीआधी हवा, अर्थिंग आणि उंची

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापूरशेजारच्या कुंभारीजवळ छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. गेट, ग्रिल आणि उसाच्या ट्रॉल्यांचं काम चालतं. हाताच्या टॉर्चचं 60 अँपिअरचं थ्री फेज प्लाझ्मा मशीन (विजेच्या आर्कने आणि हवेच्या झोताने पत्रा कापणारं) आहे, एचएफ स्टार्टचं. 3 एचपीचा कॉम्प्रेसर आहे. 4 बाय 8 फुटी पत्र्यासाठी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरने टॉर्च चालवणारं, टेबल स्वतःच बनवायचंय. मोटारी कोणत्या घेऊ आणि फ्रेमला किती जाड चॅनल लावू?

तुम्ही मोटारीचं विचारलंत, चॅनलचं विचारलंत. हवेचं आणि अर्थिंगचं विचारलं नाहीत. मीही पहिल्या टेबलाच्या वेळी विचारलं नव्हतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या माझ्या शेडमध्ये ते टेबल दीड वर्ष धूळ खात पडलं होतं. मोटारी चांगल्या होत्या, फ्रेम तर हत्ती बसला तरी वाकणार नाही अशी. म्हणून उत्तर जरा उलट्या बाजूने देतो, पण तुमच्या दोन्ही प्रश्नांवर येतो.

आधी चॅनल, कारण तिथे पैसे वाचतात. प्लाझ्माची टॉर्च पत्र्याला टेकत नाही. मिलिंगसारखा कटिंगचा जोर गँट्रीवर (टॉर्च घेऊन टेबलावरून सरकणाऱ्या आडव्या पुलावर) येतच नाही. गँट्रीला फक्त स्वतःचं वजन घेऊन पळायचं असतं आणि कोपऱ्यावर झटकन वळायचं असतं. वळताना ती रेंगाळली की आर्क त्याच जागी जळत राहतो आणि कोपरा वितळून गोल होतो. म्हणजे गँट्रीचा जास्तीत जास्त वेग किती, यापेक्षा ती वेग किती लवकर पकडते हे महत्त्वाचं. माझी पहिली गँट्री 100 मिमीच्या चॅनलची होती, मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास. आता 80 बाय 40 बाय 2 चा चौकोनी पाईप आहे, मीटरला पावणेचार किलोच्या आसपास. मोटारी त्याच आहेत, पण कोपरे धारदार येतात. जड काय करायचं असेल तर खालचा सांगाडा करा. तिथे 100 बाय 50 चा पाईप किंवा चॅनल, जे स्वस्तात मिळेल ते चालतं.

बरेच जण दिसायला छान म्हणून गँट्रीला ॲल्युमिनियमचं एक्स्ट्रूजन घेतात. आपल्या गावात एक भानगड होते. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट वाढतं. जानेवारीत सकाळी जोडलेली गँट्री मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडखाली 30 अंशांनी जास्त तापली, तर सव्वा मीटरच्या लांबीत दोन्ही धातूंच्या वाढीत 0.4 मिमीच्या आसपास फरक पडतो. वर स्टीलची रेल घट्ट बोल्ट केलेली असली की सगळं मिळून धनुष्यासारखं वाकतं. सगळं लोखंडाचं असलं तर रॅक (दातेरी पट्टी), रेल आणि पत्रा एकत्रच वाढतात, त्यामुळे फरक जाणवत नाही. सोलापुरात लोखंडच बरं.

सांगाडा वेल्ड करताना तो ओढला जाणारच, कितीही टॅक मारा. म्हणून रेल कधीही वेल्डिंगने बसवू नका. लांब भोकं पाडून बोल्टने बसवा, खाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घाला आणि पाण्याच्या नळीने लेव्हल काढा. गुण्या एवढ्या मोठ्या मापाला उपयोगाचा नाही, कर्ण मोजा. 1250 बाय 2500 च्या चौकटीचा कर्ण 2795 मिमी येतो. दोन्ही कर्ण मिलिमीटरच्या आत जुळले की पुढे जा.

मोटारी: नेमा 23 मापाच्या स्टेपर, क्लोज्ड लूप (किती फिरलो ते स्वतः तपासणाऱ्या) मिळाल्या तर उत्तम. लांब बाजूला दोन्हीकडे एक-एक, गँट्रीवर एक, टॉर्च वर-खाली करायला एक लहान. 1 मॉड्यूलचा रॅक, त्यावर चालणारं 20 दातांचं पिनियन (दातेरी चाक) आणि मधे मोटारीचा वेग कमी करणारं 3 ला 1 असं बेल्टचं रिडक्शन. हे रिडक्शन टाळू नका, थेट पिनियन लावलं की कट कंगव्यासारखा दातेरी येतो. हिशोब सोपा आहे. 20 दातांचं पिनियन एका फेऱ्यात 62.83 मिमी चालतं. ड्रायव्हर (मोटार फिरवणारा डबा) मोटारीच्या एका फेऱ्याला 1600 पल्सवर ठेवला तर 3 च्या रिडक्शनने 4800 पल्सला 62.83 मिमी, म्हणजे मिलिमीटरला 76.39 पल्स. मोटार 600 आरपीएमने फिरली तर गँट्री मिनिटाला साडेबारा मीटर पळते. 3 मिमी पत्रा मी 45 अँपिअरला मिनिटाला अडीच ते तीन मीटरने कापतो, 6 मिमी एक ते सव्वा मीटरने. म्हणजे नेमा 34 ची गरज नाही. मोटारींचा विषय एवढाच.

आता तुमचं मशीन. एचएफ स्टार्ट म्हणजे टॉर्चचं बटण दाबलं की हजारो व्होल्टची उच्च वारंवारतेची ठिणगी उडते आणि तिच्या जोरावर आर्क पेटतो. हाताने कापताना काही त्रास नाही. शेजारी कंट्रोलर, लिमिट स्विच (गँट्री टोकाला आली की थांबवणारे) आणि कॉम्प्युटर असले की तीच ठिणगी प्रत्येक वायरीत शिरते. माझ्याकडे टॉर्च पेटली की स्क्रीन गोठायची, कधी गँट्री आपोआप टोकाला जाऊन धडकायची. एक लॅपटॉप कायमचा गेला. वायरिंग करणारा पोरगा चार दिवस बसला आणि शेवटी म्हणाला, "मालक, ह्याला भूत लागलंय की ओ." भूत मशीनमध्येच होतं. नोझलच्या आत इलेक्ट्रोड हवेच्या दाबाने मागे सरकून आर्क पेटवणारी मशीन मिळतात, त्यांना ब्लोबॅक स्टार्ट म्हणतात. तशी एक घ्या, आणि मागे सीएनसी पोर्ट (कंट्रोलर जोडायचं सॉकेट) आहे का ते बघूनच घ्या. जुनं मशीन विकू नका, साइटवर हाताने कापायला लागतंच. एचएफ मशीनवरच टेबल चालवून दाखवणारे लोक आहेत, पण त्यांचे शिल्डिंगवर (वायरींना तारेच्या जाळीचं आवरण देण्यात) गेलेले महिने कोणी मोजत नाही.

ब्लोबॅक घेतलं तरी अर्थिंग सुटत नाही. आपल्याकडे वर काळी माती किंवा मुरूम आणि खाली काळा पाषाण. आठ फुटी रॉड ठोकायला गेलात तर तीन फुटांवर हातोडा उसळतो. रॉड कापून तेवढ्यावर भागवणारे इलेक्ट्रिशियन मी पाहिलेत. खड्डा खणून घ्या, कोळसा आणि मिठाचे थर द्या, पाणी ओतायला पाईप ठेवा आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. कोरड्या मुरमात अर्थिंग नावापुरतंच राहतं.

मग टेबलाच्या एका पायावर तांब्याची एक पट्टी बसवा आणि सगळ्या अर्थ वायरी त्याच एका ठिकाणी आणा: टेबलाची फ्रेम, गँट्री, कंट्रोलचं कपाट, प्लाझ्माचा वर्क क्लॅम्प आणि खड्ड्याकडून येणारी जाड वायर. एकाकडून दुसऱ्याकडे अशी साखळी करू नका. गँट्री बेअरिंगवर उभी असते, बेअरिंगमधून अर्थिंग मिळतं असं धरू नका, तिला वेगळी विणलेली तार द्या. मोटारींच्या केबल शिल्ड असलेल्या घ्या आणि शिल्ड कपाटाच्या टोकालाच जोडा, मोटारीकडे मोकळी सोडा. टॉर्चची केबल मोटारींच्या केबलबरोबर एकाच साखळी-ट्रेमध्ये घालायचा मोह होतो, दिसायला नीटनेटकं वाटतं. एक फुटाचं अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेले राहणारे) लावा, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबतं. आणि महावितरणच्या सप्लायची अर्थ वायर काढून फक्त आपल्या खड्ड्यावर मशीन चालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, दोन्ही एकमेकांना जोडलेल्याच पाहिजेत. त्यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

हवेचं सांगतो, कारण इथे सोलापूरकर हमखास फसतो. एप्रिलमध्ये आपली हवा एवढी कोरडी असते की कॉम्प्रेसरच्या टाकीतून पाणी निघतच नाही म्हणा. टेबल सुरू केलं, झकास चाललं, आता ड्रायर कशाला? मग सप्टेंबर उजाडतो. आपला मुख्य पाऊस तेव्हाचा. हस्ताचा पाऊस सुरू झाला की दिवसभर चालणारा नोझल तासाभरात अंड्यासारखा लांबट होतो आणि कट एका बाजूला तिरका जायला लागतो. लोक नोझल बनवणाऱ्याला शिव्या घालतात.

पाणी फिल्टरमध्ये अडकत नाही याचं कारण असं. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा गरम असते आणि तिच्यातलं पाणी वाफेच्या रूपात असतं. फिल्टर थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी लावलेल्या फिल्टरमधून वाफ आरामात निघून जाते, पुढे पाईपमध्ये थंड होते आणि टॉर्चमध्ये पाणी होऊन उतरते. म्हणून आधी हवा थंड करा, मग फिल्टर लावा. मी एक इंची जीआय पाईप भिंतीवरून वर-खाली असा पन्नासेक फूट फिरवलाय. प्रत्येक खालच्या वळणाला ड्रेन कॉक आहे आणि फिल्टर थेट प्लाझ्मा मशीनपाशी आहे. त्यानंतर सिलिका जेलचा डबा: निळे दाणे गुलाबी झाले की बाहेर काढून तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा निळे करायचे. तवा वेगळा ठेवा, भाकरीचा घेतलात तर घरात काय होईल ते माझ्या अनुभवातलं आहे. काम वाढलं की रेफ्रिजरेशन ड्रायर घ्या.

तुमचा 3 एचपी कॉम्प्रेसर पुरेल का? अशा टॉर्चला 5-साडेपाच बार दाबाने मिनिटाला साधारण 170 ते 190 लिटर हवा लागते. 3 एचपी जेमतेम तेवढी देतो, म्हणजे न थांबता चालत राहणार, तापणार, आणि तापलेला कॉम्प्रेसर जास्तच वाफ पुढे ढकलणार. सुरुवातीला टाकी मोठी जोडा. पुढे 5 एचपी, दोन स्टेजचा.

उन्हाचा आणखी एक हिशोब. मशीनवर 60 टक्के ड्यूटी सायकल लिहिलेली असते, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं कापायचं, चार मिनिटं विश्रांती. तो आकडा साधारण 40 अंश तापमानाला धरलेला असतो. आपल्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी 40 केव्हाच मागे पडलेलं असतं. मी एप्रिल-मेमध्ये जाड प्लेटचं काम पहाटे सहा ते दहात उरकतो. दुपारी ड्रॉइंग करतो.

आता उंची. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. कापताना नोझल आणि पत्रा यांत साधारण 1.5 मिमी अंतर लागतं. पण भोक पाडताना तेवढंच अंतर ठेवलं तर वितळलेलं लोखंड उसळून थेट नोझलमध्ये जातं, म्हणून तेव्हा टॉर्च 3.5 ते 4 मिमीवर हवी. क्रम असा बसतो: टॉर्च हलकेच पत्र्याला टेकते, पत्रा कुठे आहे ते कळतं, 3.8 मिमी वर उठते, आर्क पेटतो, आर्क लागल्याचा सिग्नल कंट्रोलरला मिळतो, अर्धा सेकंद थांबते, 1.5 वर उतरते आणि मग चालायला लागते. टेकल्याचं कळायला टॉर्चचा होल्डर छोट्या रेलवर तरंगता ठेवून मायक्रोस्विच लावा. नोझल पत्र्याला टेकल्यावर वीज वाहते का ते बघण्याची दुसरी पद्धत आहे, पण ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर ती चकवते. आपल्याकडे येणारा पत्रा किती गंजलेला असतो हे तुम्हाला माहीत आहे.

पण पत्रा कापताना तापतो आणि उचलला जातो. 3 मिमीच्या जाळीदार कामात मी पाच-सहा मिमी उचललेला पाहिलाय. म्हणून चालू कटमध्येही उंची सांभाळणारा टॉर्च हाइट कंट्रोल, टीएचसी, लागतो. तो आर्कचं व्होल्टेज मोजतो: टॉर्च वर गेली की आर्क लांबतो, व्होल्टेज वाढतं. माझ्या टेबलावर 1 व्होल्ट म्हणजे अंदाजे 0.2 मिमी. व्होल्टेज मशीनच्या सीएनसी पोर्टवरून 50 ला 1 असं विभागून घ्या. आत उघड्या टर्मिनलवरून घ्यायला गेलात तर तिथे आर्क नसताना 250-300 व्होल्ट डीसी असतात.

टीएचसीचे दोन घोळ आधीच सांगून ठेवतो. पहिला, कोपऱ्यावर गँट्री मंदावते, कट रुंद होतो, व्होल्टेज वाढतं आणि टीएचसीला वाटतं टॉर्च वर गेली, म्हणून तो तिला पत्र्यात खुपसतो. ठरलेल्या वेगाखाली टीएचसी थांबवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती चालू करा. दुसरा घोळ कमी लोकांना कळतो. इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफ्नियम धातूचा ठिपका असतो, प्रत्येक आर्कला तो थोडा झिजतो आणि खड्डा पडतो. आर्क तेवढाच आतून लांबतो, व्होल्टेज वाढतं, आणि टीएचसी टॉर्च हळूहळू खाली नेतो. सकाळी बरोबर असलेली उंची संध्याकाळी एक मिमीवर आलेली असते. खड्डा दीड मिमीच्या आसपास झाला की इलेक्ट्रोड बदला. आर्कमध्ये हिरवी झाक दिसली म्हणजे उशीर झालाय. आणि इलेक्ट्रोड किती तास चालला यापेक्षा किती भोकं पाडली ते मोजा, कारण झीज पेटताना आणि विझताना जास्त होते.

कंट्रोलच्या सॉफ्टवेअरसाठी माझं मत लिनक्ससीएनसी. फुकट आहे, प्लाझ्मासाठी क्यूटीप्लाझ्मासी नावाची स्क्रीन त्यातच येते, वर सांगितलेला सगळा क्रम तयार मिळतो. जुना ऑफिसातला डेस्कटॉप आणि तो टेबलाला जोडणारं मेसा कंपनीचं इथरनेट कार्ड. माक 3 या दुसऱ्या सॉफ्टवेअरवरही लोक चालवतात, माझं पहिलं त्यावरच होतं, पण टीएचसी नंतर चिकटवल्यासारखा वाटायचा. कटचा मार्ग काढायला शीटकॅम पुरे.

मार्ग काढताना दिशा बघा. नोझलमध्ये हवा गिरकी घेत निघते, त्यामुळे टॉर्च चालते त्या दिशेला तोंड केलं तर उजव्या हाताची कड सरळ येते, डाव्या हाताची तिरकी. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने आणि आतली भोकं उलट्या दिशेने कापायची, भोकं आधी. खाली मऊ, जाड स्लॅग (वितळून चिकटलेलं लोखंड) लोंबला तर वेग कमी आहे. बारीक, कडक रेघ चिकटली आणि ग्राइंडरशिवाय निघेना तर वेग जास्त आहे.

बोल्टच्या भोकांचा मोह आवरा. एका कारखान्याच्या ऑफ-सीझन दुरुस्तीत मी 10 मिमीच्या दोनशे बेस प्लेटा कापल्या आणि 12 मिमीची भोकंही प्लाझ्मानेच पाडली. वरून बघायला छान, खालून निमुळती. बोल्ट अर्ध्यात अडकायचा. दोनशे गुणिले चार भोकं ड्रिलवर पुन्हा मोठी केली, मजुरी माझ्या खिशातून. जाडीच्या दुपटीपेक्षा लहान भोक असेल तर टॉर्चने फक्त ठिपका मारून घ्या आणि ड्रिल करा. मोठ्या भोकांनाही वेग साठ टक्क्यांवर आणा.

तुमचं गेटचं काम आहे म्हणून नावांबद्दल. देवनागरीला शिरोरेखा आहे ही फॅब्रिकेटरवर कृपाच आहे. अक्षरं ठेवून बाकी पत्रा कापला तर ‘गणेश’ एका तुकड्यात निघतो. पण ‘आनंद’ मधला अनुस्वार थेट टेबलाखालच्या पाण्याच्या ट्रेमध्ये पडतो, त्याला बारीक पूल जोडावा लागतो. उलट पत्र्यात अक्षरं कोरायची असतील तर व, ब, क यांच्या पोटातला तुकडा निसटतो आणि लांब शिरोरेखेची फट पत्रा वाकवते, म्हणून तिथे शिरोरेखा दर अक्षराला तोडा. आणि फॉन्टमधली अक्षरं शिरोरेखेवर एकमेकांवर चढलेली असतात. मार्ग काढायच्या आधी इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती एकत्र जोडून घेतली नाहीत, तर टॉर्च प्रत्येक सांध्यात उभी रेघ मारते आणि नावाचे तुकडे हातात येतात. माझ्या पहिल्या गिऱ्हाइकाचं ‘वैभव’ असंच तीन भागांत निघालं होतं.

टेबलाखाली पाण्याचा ट्रे करा, धूर आणि ठिणग्या दोन्ही बसतात. चार इंच पाणी धरलं तर या मापाला तीनशे लिटरच्या वर लागतं, आणि नळाला पाणी रोज येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. बोअरचं पाणी चालेल, पण पाण्यात मिसळणारं गंजरोधक घाला. पत्रा टेकायच्या पट्ट्या 75 बाय 4 च्या, खाचेत नुसत्या उभ्या ठेवा, वेल्ड करू नका, त्याही कापल्या जातातच. या ट्रेवर ॲल्युमिनियम कापू नका. वितळलेलं ॲल्युमिनियम पाण्यात पडून हायड्रोजन बनतो, तो पत्र्याखाली साठून स्फोट झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. जीआय पत्रा कापताना दारं उघडी आणि पंखा बाहेर फेकणारा हवा, जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. डोळ्यांना 8 नंबरची काच.

सगळं जोडून झालं की लगेच टॉर्च पेटवू नका. होल्डरमध्ये आधी पेन बांधा, टेबलावर खाकी कागद पसरा आणि 900 बाय 1200 चा आयत काढायला लावा. दोन्ही कर्ण 1500 आले पाहिजेत. एक लांब आणि एक आखूड आला तर दोन बाजूंच्या होम स्विचपैकी (गँट्रीची सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या) एक पुढे-मागे करा, पुन्हा काढा. चारही बाजू सारख्याच प्रमाणात चुकल्या तर 76.39 चा आकडा सुधारा. कर्ण जुळले की पेन सोडा आणि टॉर्च बसवा.